वॉरंटी संपल्यावर गिअरबॉक्स गेला: कंपनीचं सर्व्हिस सेंटर की बाहेरचा कारागीर?

व्हॉट्सॲपवर २,१८,००० रुपयांचं एस्टिमेट आलं तेव्हा मी ते बायकोला लगेच दाखवलं नाही. आठ वर्षांची गाडी, ७८ हजार किलोमीटर, वॉरंटी संपून जमाना झालेला. वापरलेल्या गाडीच्या बाजारात तिला जेवढे पैसे आले असते, त्यातला मोठा वाटा गिअरबॉक्सच्या एका भागालाच जाणार होता. तुमच्याही हातात आत्ता असंच एस्टिमेट असेल, तर माझा अनुभव उपयोगी पडेल. माझी गाडी ऑटोमॅटिक, त्यातही ड्राय ड्युअल क्लचवाली, म्हणजे ऑइलमध्ये न बुडालेले दोन क्लच आलटूनपालटून काम करतात. एएमटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर अशा दुसऱ्या प्रकारची ऑटोमॅटिक असेल तर खर्चाचे आकडे बदलतील, पेच मात्र साधारण हाच राहील.

झालं असं. साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकीच्या चढावर एका ट्रकमागे रखडत असताना डॅशबोर्डवर गिअरची खूण लुकलुकायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी मागे सरकतेय. हँडब्रेक ओढला. दहा मिनिटांनी परत सुरू केली तर शहाण्यासारखी चालली, आणि दोन वळणांनंतर पुन्हा तेच. उचलून न्यायला आलेला माणूस मागची चाकं उचलून ओढत न्यायला निघाला होता. त्याला थांबवलं. पुढच्या चाकांवर चालणारी ऑटोमॅटिक गाडी अशी ओढली तर उरलासुरला गिअरबॉक्सही जातो. अख्खी गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रक येईपर्यंत तीन तास थांबलो, पण ते थांबणं वसूल झालं.

इन्शुरन्सचा विचार मीही केला होता. नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड बसत नाही. इंजिन-गिअरबॉक्सचं जादा कव्हर घेतलेलं असलं तरी ते मुख्यतः पाणी शिरलं किंवा खालून दगड लागून ऑइल गळलं, अशा वेळी कामाला येतं. आपोआप गेलेल्या भागाला ते लागू होत नाही. म्हणजे पैसे आपल्याच खिशातून.

सर्व्हिस सेंटरचे फायदे तुम्हाला ठाऊक आहेत, उगाळत बसत नाही. नवा कोरा भाग, त्यावर कागदी वॉरंटी, बिल पक्कं, गाडी विकताना रेकॉर्ड स्वच्छ. शिवाय आणखी एक गोष्ट, जी बरेच जण विसरतात: सगळ्या सर्व्हिसिंग वेळेवर तिथेच केलेल्या असतील आणि वॉरंटी संपून फार काळ झाला नसेल, तर कंपनीला ईमेल करून खर्चात वाटा मागता येतो. याला ते ‘गुडविल’ म्हणतात. तो हक्क नव्हे, विनंती असते. पण मागायची असेल तर बाहेर कुणी गिअरबॉक्सला पाना लावण्याआधीच मागा. मीही मागितली. चार दिवसांनी दोन ओळींचा गोड नकार आला. आठ वर्षांच्या गाडीला तो येणारच होता, तक्रार नाही.

खरं घोडं पेंड खात होतं ते दुसरीकडेच. मी विचारलं, नक्की काय बिघडलंय? सर्व्हिस ॲडव्हायजर म्हणाला, “सर, असेंब्ली बदलावी लागेल.” असेंब्लीतलं काय गेलंय? “सर, मशीनवर एरर दाखवतंय.” कुठला एरर? त्याची प्रिंट मिळेल का? “सर, तसं देत नाही.” मग ज्याने गाडी तपासली त्या मेकॅनिकशी बोलू द्या. तर वर्कशॉपमध्ये ग्राहकांना प्रवेश नाही. काचेपलीकडे माझी गाडी रॅम्पवर दिसत होती, तिच्याखाली उभा असलेला माणूस दिसत होता, आणि मधे हा मुलगा टॅबलेट धरून उभा. त्या बिचाऱ्याचा दोष नाही, त्याला तेवढंच सांगितलेलं असणार. जुना भाग परत मिळेल का, तर तोही नाही. पैशांचं दुःख होतंच, पण सव्वादोन लाखांच्या घरात पैसे मोजायचे आणि काय मोडलं ते कधीच कळायचं नाही, हे काही गळी उतरेना.

गाडी भोसरीला नेली. एमआयडीसीच्या एका गल्लीत फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम करणारे एक काका आहेत. त्यांनी आधी बॅटरी तपासली. व्होल्टेज कमी पडलं तरी या गाड्या गिअरबॉक्सचे खोटे एरर देतात म्हणे. बॅटरी ठीक निघाली. मग स्कॅनर लावला, एररचा फोटो मलाच काढायला सांगितला आणि म्हणाले, “दादा, प्रेशर टिकत नाहीये. खोलल्याशिवाय खात्री देत नाही, पण तडा असणार.” तिसऱ्या दिवशी फोन करून बोलावून घेतलं. माझ्या तळहातावर ॲल्युमिनियमचं एक हाउसिंग, म्हणजे कवच, ठेवलं, ऑइलने चिकट. टॉर्च मारला तेव्हा आट्यांच्या कडेला केसाएवढी रेघ दिसली. गिअर बदलायला लागणारा ऑइलचा दाब जिथे साठतो ती ही जागा. दाब वाढला की रेघेतून ऑइल झिरपणार, पंप धापा टाकणार आणि शेवटी कॉम्प्युटर हात वर करणार. खंबाटकीत दहा मिनिटांच्या विश्रांतीनंतर गाडी का चालायची, ते तिथे उमगलं.

दुरुस्तीचे सांगितले होते ६२ हजार, झाले ७१,५००. वाढीव पैसे ऑइल आणि सीलचे, तेही आधी विचारून. जोडल्यावर स्कॅनरवर सेटिंग करावं लागतं, ते त्यांच्याकडेच झालं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. तीन दिवसांचं काम नऊ दिवसांवर गेलं. सहा महिन्यांची वॉरंटी तोंडी होती, मी हट्टाने बिलावर लिहून घेतली. थंडीच्या सकाळी पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला अजूनही बारीक धक्का बसतो. नव्या भागाने तो गेला असता का, कोण जाणे. आणि सगळेच काका असे नसतात. न खोलता ठाम आकडा सांगणाऱ्याकडून आणि जुना भाग दाखवायला कुरकुरणाऱ्याकडून गाडी परत आणा. कुर्ल्याच्या भंगारबाजारातून जुना गिअरबॉक्स आणून बसवायचा सल्लाही मला मिळाला होता. स्वस्त होता, पण त्याच्या आत तीच रेघ नसेल हे कोण सांगणार? नको म्हटलं.

तेव्हा गाडी पाच-सहा वर्षांच्या आतली असेल, गुडविलची आशा असेल किंवा लवकरच विकायची असेल, तर सर्व्हिस सेंटरचंच ऐका, असं मला वाटतं. गाडी जुनी आणि अजून चार वर्षं ठेवायची असेल, तर मी पुन्हा भोसरीलाच जाईन. तेव्हापासून अकरा हजार किलोमीटर झाले, खंबाटकी दोनदा चढून झाली.

फक्त एक करा. काम सुरू होताना निम्म्याहून जास्त पैसे देऊ नका. मी चांगुलपणाच्या भरात पहिल्याच दिवशी सगळे ६२ हजार देऊन बसलो आणि पुढचे सहा दिवस “उद्या या” ऐकताना काकांना चढ्या आवाजात बोलायचीसुद्धा सोय राहिली नव्हती.