फॅशन स्ट्रीट : बेताची जाण, बेताचा खिसा

मुंबईत महात्मा गांधी मार्गावर आझाद मैदानालगत असलेला फॅशन स्ट्रीट चर्चगेट आणि सीएसएमटी या दोन्ही स्थानकांवरून पायी गाठता येतो. कोणत्या पँटवर कोणता शर्ट शोभेल हे ज्याला उमगत नाही आणि ज्याचा खिसाही बेताचाच आहे, अशा माझ्यासारख्या ग्राहकाला मॉलपेक्षा ही स्टॉलची रांग सोयीची वाटते. घासाघीस येथे गृहीतच असते. पहिल्या सांगितलेल्या किमतीला होकार देणे म्हणजे विक्रेत्यालाही चकित करणे होय.

कपडे घालून पाहण्याची सोय बहुतेक स्टॉलवर नसते आणि निर्यातीतून उरलेल्या मालावरील मापाच्या पट्टीवर विसंबता येत नाही. म्हणून अंगाला नीट बसणाऱ्या जुन्या शर्टाची छाती, खांदा व बाही मोजून ती मापे आणि टेप सोबत न्यावी, तसेच काजे, चेन व बगलेतील शिवण उजेडात तपासावी. ‘साहेब, तुमच्यावरच शोभतो’ ही प्रशस्ती मात्र सर्वांनाच मिळते. रंगांचे गणित न जमणाऱ्यांनी गडद निळा, राखाडी आणि पांढरा यांपलीकडे जाऊ नये. ऑफिससाठी कडक इस्त्रीचे शर्ट हवे असल्यास मंगलदास मार्केटमधून कापड घेऊन ते शिवून घेणे मला अधिक पसंत आहे. टी-शर्ट आणि जीन्ससाठी फॅशन स्ट्रीट उत्तम.