ह्वानकी म्युझियम, सेऊल: एका सायझिंगवाल्याचा रिव्ह्यू

आधी आमच्या सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्याच्या, ऑफिसातल्या पोस्टरचं सांगतो, कारण भांडण तिथनंच सुरू झालं. लेकीनं दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा वेबसाइटवरनं मागवलं आणि माझ्या खुर्चीमागं लावलं. ठिपके, नुसते ठिपके, दोन मोठ्या वर्तुळांत फिरणारे. येणारा प्रत्येक व्यापारी विचारायचा, "शेठ, ही बांधणी कुठली?" लेक म्हणायची, "पप्पा, ते आकाश आहे. कोरियन चित्रकार किम ह्वानकीचं 'युनिव्हर्स'. २०१९ ला हाँगकाँगच्या लिलावात नव्वद कोटी रुपयांच्या वर गेलं. कोरियन चित्राला तोवर एवढी किंमत कधीच आली नव्हती." मी म्हणायचो, आकाश जांभळं कधीपासून झालं? कारण पोस्टर जांभळंच होतं. छापणाऱ्यानं निळ्याची वाट लावलेली.

यंदा मशिनरी बघायला दक्षिण कोरियात देगूला जाणं झालं. परतीच्या विमानाआधी सेऊलमध्ये अर्धा दिवस मोकळा होता. लेकीचा मेसेज आला, "राजवाडा बघू नका, ह्वानकी म्युझियम बघा." गेलो. सोमवारी बंद असतं, तेवढं आधी ध्यानात ठेवा.

गिऑंगबोकगुंग स्टेशनच्या ३ नंबरच्या दरवाजातून वर आलं की हिरवी बस मिळते. मी ७२१२ धरली. ती डोंगराच्या अंगानं वर चढते आणि बुआमदोंगला सोडते. एका बाजूला इनवांगसान, दुसऱ्या बाजूला बुगाकसान, मधल्या घळीत ही वस्ती. जुन्या शहराचा तट डोंगरावरनं गेलेला दिसतो. राजधानीच्या मधोमध आहोत असं वाटतच नाही, आपल्याकडं पन्हाळ्याखालच्या एखाद्या वाडीत उतरल्यासारखं वाटतं. बसस्टॉपपासून गल्ली खाली उतरते. जाताना छान वाटतं, येताना गुडघे बोलतात.

म्युझियम १९९२ सालचं आहे. चित्रकाराच्या बायकोनं, किम ह्यांग-आननं, नवरा गेल्यावर उभं केलं. इमारत दगडी, बेताची, उतारावर नीट बसवलेली. आत मधे उंच हॉल आणि त्याच्याभोवती जिना. म्हणजे मोठं चित्र आधी समोरनं बघायचं, मग चढत चढत वरनं बघायचं. ज्यानं आराखडा केला त्याला चित्र कसं बघतात ते कळत होतं. आत फोटो काढू देत नाहीत. सुरुवातीला मला राग आला, पण दहा मिनिटांनी लक्षात आलं की हॉलमध्ये एकही माणूस भिंतीकडं पाठ करून उभा नाही.

आधीच्या काळातली चित्रं पटकन कळतात. चंद्र, डोंगर, बगळ्यासारखे लांब मानेचे क्रौंच, फुललेली फांदी, आणि गोल पांढरे रांजण. क्रौंच, डोंगर, पाणी, हरीण ही त्यांच्याकडं दीर्घायुष्याची चिन्हं, जुन्या पडद्यांवर दहाच्या दहा एकत्र काढायची रीत. रांजणाची गंमत निराळी. त्याला ते चंद्र-रांजणच म्हणतात. दोन वाडगे एकावर एक पालथे जोडून करतात, त्यामुळं मधे सांधा राहतो आणि गोलाई कधीच पूर्ण येत नाही. ह्वानकीच्या चित्रात रांजण कुठला आणि चंद्र कुठला, हे बऱ्याचदा ठरवता येत नाही. दोन्ही तेवढेच जरासे वाकडे.

पण मी पोस्टरवाल्या ठिपक्यांसाठी गेलो होतो.

ती चित्रं वरच्या भिंतीवर होती. माणसापेक्षा उंच, निळी. मी आयुष्यभर सुताला खळ लावत आलो. ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, खळीतनं काढून बीमवर गुंडाळला नाही तर मागावर धागे तटातट तुटतात, हा आमचा धंदा. त्यामुळं मी चित्राच्या आधी कापड बघितलं. आणि सांगतो, ते कापड आहे. सुती, मांजरपाटासारखं, वीण उघडी. वर जाड पांढरा लेप मारून गुळगुळीत केलेलं नाही. त्यावर ऑइल पेंट टर्पेंटाइननं पातळ करून टेकवलेला आहे, त्यामुळं रंग बसत नाही, मुरतो. शाईचा थेंब टीपकागदावर पडावा तसा. प्रत्येक ठिपक्याचा मधला भाग गडद, कडेला फिकट, आणि फिकटाच्याही पलीकडं एक ओली छाया. मग त्या ठिपक्याभोवती त्याच रंगाची चौकटीसारखी रेघ. मग पुढचा. काही ठिकाणी शेजारचे दोन एकमेकांत मिसळलेत, काही ठिकाणी मधे कोरं कापड उरलंय, आणि लांबनं बघितलं की ते उरलेलंच चमकतं. दोन ठिपके सारखे शोधत होतो. सापडले नाहीत. आमच्या पोस्टरवर सगळे एका साच्यातले होते; म्हणूनच ते बांधणी वाटत होतं.

आता हे निळं कशाचं? लेकीनं फोनवर जे सांगितलं ते थोडक्यात असं. ह्वानकी १९१३ ला आन्ज्वा नावाच्या बेटावर जन्मला, नैऋत्येच्या समुद्रात. चहूकडं पाणी. पुढं तोक्यो, सेऊल, पॅरिस झालं आणि १९६३ मध्ये साओ पावलोच्या प्रदर्शनाला गेला तो तिथनं थेट न्यूयॉर्क. परत आलाच नाही, १९७४ मध्ये तिथंच गेला. डोंगर, चंद्र, रांजण हळूहळू चित्रातनं निघून गेले आणि ठिपके उरले. डायरीत त्यानं लिहिलंय की सेऊलची आठवण काढत, हजार गोष्टी आठवत मी हे ठिपके टाकतो. म्हणजे निसर्गचित्रच, फक्त समोर निसर्ग नसताना काढलेलं.

देगूच्या आमच्या दुभाष्यानं एक गोष्ट सांगितली होती, ती इथं कामाला आली. कोरियनमध्ये 'फुरदा' असा एक शब्द आहे. आभाळ फुरदा, समुद्र फुरदा, झाडीचा डोंगरही फुरदा. निळा आणि हिरवा एकाच शब्दात. चित्रात डोंगर शोधत बसलो होतो, तो रंगातच होता.

त्याच काळातल्या एका गाजलेल्या चित्राचं नाव आहे 'कुठे, काय होऊन पुन्हा भेटू'. १९७० चं. नाव त्याच्या मित्राच्या, किम ग्वांग-सप या कवीच्या कवितेतली शेवटची ओळ. इतक्या ताऱ्यांतला एक तारा माझ्याकडं बघतोय, इतक्या माणसांतला मी त्याच्याकडं बघतोय. रात्र गडद होते तसा तो उजेडात विरतो आणि मी अंधारात. हे वाचल्यावर ठिपक्यांकडं परत बघितलं आणि हिशेब बदलला. तारे म्हणून मोजत होतो ते माणसं झाले. प्रत्येकाला आपली आपली चौकट, आणि तरी रंग शेजारच्यात गेलेला. मूड म्हणाल तर दुःखी नाही. संध्याकाळी गच्चीवर एकट्यानं उभं राहिल्यासारखा, खालनं कोणीतरी जेवायला हाक मारील असं वाटत असतं तसा. त्याला मात्र हाक मारायला गाव अकरा हजार किलोमीटरवर होतं.

व्यवहाराचं थोडं. चित्रं प्रदर्शनाप्रमाणं बदलतात, तिकीटही त्याप्रमाणं. निळे ठिपके लावलेत का ते आधी बघून जा. घाईत असाल तर जाऊच नका; दीड तास तरी हवा, आणि त्यातला निम्मा एकाच भिंतीसमोर. ज्यांना रंगीत, भरगच्च, चार मिनिटांत समजणारं काही हवंय त्यांनी राजवाडाच बघावा, तोही वाईट नाही. मला विचाराल तर मशिनरीपेक्षा हे महाग पडलं नाही आणि जास्त लक्षात राहिलं.

इचलकरंजीला आल्यावर पहिल्यांदा पोस्टर काढलं. लेक काही बोलली नाही, हसली. मग रविवारी सायझिंग बंद असताना बिनखळीच्या मांजरपाटाचा दीड हात तुकडा फाडला, निळ्या ऑइल पेंटात टर्पेंटाइन घातलं आणि टेबलावर वाकून बसलो. ठिपका, भोवती रेघ. ठिपका, भोवती रेघ. पहिले चार पसरून एकच डाग झाला. पाचव्यापासून हात जरा हलका झाला. खाली वाकून वाकून ह्वानकीची मान कायमची गेली होती असं लेक म्हणाली होती. माझी चाळिसाव्या ठिपक्याला अवघडली. तुकडा खुर्चीमागं खिळ्याला लावलाय. परवा एक व्यापारी म्हणाला, "शेठ, छतातनं गळतंय काय?"