सूर्यास्ताची कयाक ट्रिप: गाईडला पाचपैकी पाच, ऑफिसला दोन

साडेतीनला रिपोर्टिंग, सव्वाचारला पाण्यात, सूर्यास्त नदीच्या मोठ्या पात्रात, पावणेसातला काठावर. बुकिंगच्या मेसेजमध्ये हे असं छान लिहिलेलं. आम्ही पाण्यात उतरलो पाच वाजून दहा मिनिटांनी. मधे काय झालं तर आधी फॉर्म, फॉर्म भरायला पेन एकच, मग एका ग्रुपचे चार जण यायचे राहिलेत म्हणून त्यांची वाट बघा, ते आले की पुन्हा त्यांचे फॉर्म. इतर कुठल्या ट्रिपला जवळजवळ तासभर उशीर झाला तर मी काही बोलले नसते, पण सूर्यास्ताची ट्रिप विकताय तर सूर्य काय तुमच्या फॉर्मसाठी थांबणारे का? कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अशा ट्रिपा घेणाऱ्यांचं बऱ्याच ठिकाणी हेच असतं आणि मला भांडायचं नाहीये, पुढे जाणाऱ्यांना नीट काय ते सांगायचंय.

आम्ही तिघं होतो. मी, ताई आणि ताईचा बारा वर्षांचा मुलगा. ताईला पोहता येत नाही आणि हे तिने आदल्या रात्रीपासून मला साधारण वीस वेळा सांगितलं होतं. भाच्याला सिंगल कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची छोटी अरुंद नाव, गाईडच्या नजरेसमोर, आणि आम्हा दोघी बहिणींना एक डबल. डबल कयाकला कयाकवाले गमतीने घटस्फोटाची नाव म्हणतात, कारण मागचा म्हणतो पुढचा वल्हवतच नाही आणि पुढचा म्हणतो मागचा दिशाच बिघडवतोय. आम्हाला घटस्फोटाची सोय नसल्याने आम्ही पहिली वीस मिनिटं नुसत्या भांडलो. तोडगा गाईडनेच काढला. पुढे बसणाऱ्याने फक्त ठेका धरायचा, मागच्याने त्या ठेक्याला धरून वल्हं मारायचं आणि दिशा सांभाळायची, बोलायचं कोणीच नाही. शेवटचं कलम आम्हाला जमलं नाही, बाकी जमलं.

गाईडबद्दल आता नीट सांगते, कारण ही ट्रिप म्हणजे तोच होता. चाळिशीचा असेल, फार बोलका नाही. सेफ्टीचं सांगितलं ते दहा मिनिटांत, पण एकेक गोष्ट करून दाखवत. लाइफ जॅकेटचे बेल्ट आवळून झाल्यावर प्रत्येकाजवळ जाऊन खांद्याच्या पट्ट्या धरून वर खेचून बघितलं, जॅकेट कानापर्यंत सरकलं की सैल, परत आवळा. ताईचं दोनदा सरकलं. मग म्हणाला, उलटलात तर पाठीवर पडा, पाय वर आणि पुढे, प्रवाह जाईल तिकडे, आणि वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न अजिबात करू नका. हे मला खरंच माहीत नव्हतं. पाणी कमरेएवढंच दिसतंय म्हणून माणूस उभा राहतो, पाय दगडाच्या फटीत अडकतो आणि मागून पाणी त्याला खाली दाबतं. काठावरून पाण्यात आडवं पडलेलं झाड दिसलं तर कितीही शांत वाटलं तरी लांबून जायचं, कारण फांद्यांतून पाणी आरपार जातं आणि माणूस मात्र गाळणीत अडकल्यासारखा अडकतो. ताईचा चेहरा हे ऐकून असा झाला की मला वाटलं आता ही इथूनच परत जाते. पण गाईड तिला म्हणाला, ताई, ही नदी अवघडपणात एक नंबरची, म्हणजे सगळ्यात सोपी, सहा नंबर सगळ्यात वाईट, मी सांगतोय ते लागेल म्हणून नाही, माहीत असावं म्हणून. तेवढ्यावर ती बसली.

कयाक सिट-ऑन-टॉप प्रकारच्या, म्हणजे वरून उघड्या, आणि बसायच्या जागेजवळ आरपार भोकं असतात. त्यातून थोडं पाणी वर येतं. ते नावेत आलेलं पाणी आपोआप खाली जायला ठेवलेलंच असतं, पण आपल्याला वाटतं नाव गळतेय. आमच्या हुशार भाच्याने एका भोकात स्वतःचा मोजा कोंबला. पाच मिनिटांनी तो पाण्याच्या डबक्यात बसलेला. मोजा काढला, पाणी गेलं, मोजाही गेला. सांगायचा मुद्दा असा की बूड ओलं होणार म्हणजे होणारच, जीन्स घालून जाऊ नका, ओली जीन्स अंगावर घेऊन वल्हवणं म्हणजे शिक्षा आहे. आणि पट्टा असलेल्या चपला घाला, साध्या स्लिपर नको, एका काकांची स्लिपर उतरतानाच चिखलात जी रुतली ती शेवटपर्यंत सापडली नाही.

आता नदी. दोन्ही बाजूंना शेतं, मधे मधे झाडांच्या रांगा, एका ठिकाणी गुरं पाण्यावर आलेली, गुडघाभर पाण्यात उभी राहून आमच्याकडे असं बघत होती की आम्हीच चुकीच्या जागी आलोय. पहिल्या वळणावर गाईडने सगळ्यांना बाहेरच्या बाजूने यायला सांगितलं. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी जोरात जातं, तिथला काठ खणत राहतं म्हणून तिथे खोल. आतल्या अंगाला पाणी मंदावतं, गाळ टाकतं, म्हणून तिथे उथळ. आम्ही दोघींनी ऐकलं, मान हलवली आणि सरळ आतल्या बाजूने जाऊन वाळूत रुतलो. मग वल्ह्याने ढकल, बुडाने उचल, असं करत सुटलो. दुसरं त्याने शिकवलं ते पाण्यावरचा व्ही वाचायला. व्हीचं टोक आपल्याकडे असेल तर तिथे पाण्याखाली दगड आहे, टोक पुढे प्रवाहाकडे असेल तर ती मोकळी वाट. इतकं सोपं आहे आणि एकदा कळलं की नदी वेगळीच दिसायला लागते, मी पुढचा अर्धा तास नुसते व्हीच शोधत होते.

पण एक गोची झाली, आणि ही उशिरामुळेच झाली. नदी तिथे पश्चिमेकडे वाहते. साडेपाच नंतर सूर्य बरोब्बर समोर, वरून एक आणि पाण्यातून दुसरा. व्ही-बिव्ही काही दिसेना, पुढची नाव दिसेना, डोळ्यातून पाणी. बुकिंगच्या मेसेजमध्ये सनस्क्रीन लिहिलेलं, कॅपबद्दल एक अक्षर नाही. कॅप न्या. पुढे झाप असलेली, आणि ती डोक्याला नीट बसणारी. वेळेवर निघालो असतो तर तो पट्टा सूर्य जरा वर असतानाच पार झाला असता, हे गाईडनेच नाइलाजाने कबूल केलं.

पाच चाळीसला भाच्याने विचारलं सूर्य कधी मावळणार. गाईडने हात लांब करायला लावला, तळवा आपल्याकडे, बोटं आडवी, सगळ्यात खालचं बोट क्षितिजावर टेकवायचं आणि सूर्यापर्यंत किती बोटं मावतात मोजायची. एक बोट म्हणजे साधारण पंधरा मिनिटं. चार बोटं भरली, म्हणजे एक तास. पंचांगात काय असेल ते असो, सूर्यास्त सहा चाळीसचा होता, हिशोब बसला. भाचा तेव्हापासून दर पाच मिनिटांनी हात लांब करून वल्हवायचं सोडून देत होता.

खंड्या दिसला, दोनदा. गाईड म्हणाला त्याच्या पिसात निळा रंगच नसतो, पिसाची आतली बारीक रचना अशी असते की उजेडातला निळा तेवढा परत फिरतो, पीस कुटून पूड केली तर मातकट निघेल. पाणकावळे एका वठलेल्या झाडावर पंख पसरून बसलेले, कारण त्यांची पिसं बदकासारखी पाणी झटकत नाहीत, भिजतात, मग वाळवावी लागतात. त्यांच्यात आणि माझ्या जीन्समध्ये फारसा फरक नव्हता. हो, मी जीन्सच घातली होती.

सहा वीसला सूर्य गेला. मावळला नाही, उंच काठामागच्या झाडीत गेला. आम्ही तेव्हा अरुंद पात्रात होतो. ज्या रुंद जागी सूर्यास्त बघायचा होता ती अजून अर्धा तास पुढे. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी माणसं आली होती ती झाडांच्या मागे झाली. मागच्या नावेतल्या एकाने मोठ्याने विचारलं, हाच का सनसेट? त्यात उशिरा आलेल्या त्या चार जणांनी स्पीकर लावला. आणि इथे एक गंमत कळली, संध्याकाळी पाण्यावरून आवाज फार लांब जातो. पाण्यालगतची हवा थंड, वरची गरम, त्यामुळे आवाज वर निघून जायच्या ऐवजी वाकून खाली येतो. पलीकडच्या काठावर दोघं जण मोटार कोणी चालू ठेवली यावरून वाद घालत होते तो आम्हाला शब्दन् शब्द ऐकू येत होता. गाईड त्या चौघांना फक्त एवढंच म्हणाला की तुमचं गाणं आत्ता त्या दोघांनाही ऐकू जातंय. लगेच बंद. ओरडला नाही, नियम सांगितला नाही. मला हे फार आवडलं.

सहा पन्नासला रुंद पात्रात पोचलो. सूर्य मावळून दहा मिनिटं झालेली, पश्चिमेला केशरी होतं, सगळ्यांनी फोन काढले. आणि गाईड म्हणाला, नावा फिरवा, पूर्वेकडे तोंड करा. लोक वैतागले, आधीच सूर्य चुकला त्यात आता पाठ फिरवायची. पण फिरवल्या. समोर शेतं, अगदी सपाट, आणि क्षितिजाला टेकून एक गडद निळसर राखाडी पट्टा, त्याच्यावर गुलाबी पट्टा. मला वाटलं ढग आहे. तो म्हणाला ढग नाही, ती पृथ्वीची सावली आहे. आपण ज्या जमिनीवर आहोत तिचीच सावली, हवेवर पडलेली, आणि सूर्य जसा खाली जातो तशी ती वर चढते. गुलाबी पट्ट्याला बेल्ट ऑफ व्हीनस म्हणतात. रोज, आकाश मोकळं असलं की रोज होतं हे, आणि चाळीस वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण सगळे तिकडे सूर्याकडे बघत असतात.

मग त्याने वल्ही मांडीवर ठेवायला सांगितली. प्रवाह आम्हाला हळूहळू उलटं, पाठीकडून पुढे नेत होता, आणि समोर ती निळी पट्टी वर येत होती. वल्ह्याच्या पात्यावरून थेंब पडत होते त्याचा आवाज येत होता. ताई काहीच बोलली नाही. माझी ताई, दहा मिनिटं. मग पट्टे एकमेकांत विरघळले आणि अंधार व्हायला लागला, वटवाघळं पाण्याला घासून फिरायला लागली आणि चिलटांनी आम्हाला शोधलं.

भाच्याने विचारलं, सूर्य झाडामागे गेला तेव्हाच मावळला का. गाईड म्हणाला नाही, पण खरी गंमत मोकळ्या क्षितिजावर असते, तिथे सूर्याची खालची कड टेकलेली दिसते तेव्हा तो आख्खा खाली गेलेला असतो, हवा त्याचे किरण वाकवते म्हणून आपल्याला वर दिसतो. भाचा म्हणाला म्हणजे आपण जो सनसेट चुकवला तो तसाही झालेलाच असतो. एवढं बोलून आमच्यावर उपकार केल्यासारखा वल्हवत पुढे गेला.

शेवटचा अर्धा तास मात्र ऑफिसच्या खात्यात वजा. सात पाचनंतर काही दिसत नव्हतं. आम्ही तेरा नावा, बॅटऱ्या दोन, एक गाईडच्या डोक्यावर, एक सगळ्यात मागच्या मदतनीसाकडे. समुद्रावरच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत वल्ह्याच्या नावेनेसुद्धा टक्कर टाळायला निदान एक पांढरा दिवा हाताशी ठेवायचा असं आहे. नदीवर ते लागू असो नसो, संध्याकाळची ट्रिप विकणाऱ्याकडे नावेगणिक एक छोटी बॅटरी असायला काय हरकत आहे? गाईडने सगळ्यांना जवळ जवळ घेतलं, दर थोड्या वेळाने नंबर म्हणायला लावले, एक, दोन, तीन, असे. आमचा नंबर सात. ताई इतक्या जोरात सात म्हणायची की पलीकडच्या काठावरचे ते दोघं गप्प झाले असतील.

फोनच्या पाऊचबद्दल, कारण सगळे विचारतात. ऑफिसने दिलेला घेऊ नका किंवा घेतला तर आधी आत नुसता टिश्यू पेपर घालून दहा मिनिटं पाण्यात बुडवून बघा. माझ्या पाऊचमध्ये पाणी गेलं, फोन वाचला, स्पीकर अजून घोगरा येतोय. तक्रार केली तर म्हणाले तुम्ही क्लिप नीट लावली नसेल. असेलही. पण मग लावून दाखवा ना, जॅकेट दाखवलंत तसं.

ज्यांना जायचंय त्यांनी फोनवर रिपोर्टिंगची वेळ विचारू नका, नाव पाण्यात किती वाजता पडते ते विचारा, त्या दिवशीचा सूर्यास्त किती वाजता आहे ते स्वतः बघा आणि मधे निदान दोन तास आहेत का मोजा. बॅटऱ्या किती हेही विचारा. कंबर किंवा खांदा दुखत असेल तर डबलमध्ये पुढे बसा. लहान मुलं नेऊ शकता, आमचा तर सगळ्यात कमी दमला.

परत येताना गाडीच्या सीटवर प्लास्टिक पसरून बसलो, भाच्याने फोनमधले एकशे चाळीस फोटो दाखवले, त्यात निळा पट्टा एकाही फोटोत नाही, सगळी झाडं. ताई खिडकीबाहेर बघत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, सिंगल कयाकसाठी पोहता यावंच लागतं का गं?