प्री-सेटल्ड की सेटल्ड: फरक कुठे पडतो?

ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, ब्रिटनमध्ये राहिलेल्या युरोपीय नागरिकांना, म्हणजे पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात गेलेल्या गोवेकरांनाही, तिथे राहण्यासाठी प्री-सेटल्ड किंवा सेटल्ड यांपैकी एक दर्जा मिळतो. 31 डिसेंबर 2020 पर्यंत तिथे राहायला आलेल्यांसाठी ही योजना आहे. अर्जाची मुख्य मुदत 30 जून 2021 ला संपली. अर्जाला फी नाही.

पाच वर्षांहून कमी वास्तव्य असेल तर प्री-सेटल्ड, पाच वर्षं भरली की सेटल्ड. नोकरी, भाडेकरार आणि सरकारी उपचार दोघांनाही सारखेच. खरा फरक अडचणीच्या वेळी जाणवतो. युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणारा सरकारी भत्ता, मागताना सेटल्ड माणसाला दर्जा पुरतो. प्री-सेटल्डला सहसा नोकरी किंवा धंदा चालू असल्याचंही दाखवावं लागतं. ब्रिटनमध्ये जन्मलेलं मूल आईवडिलांपैकी एक जण सेटल्ड असेल तर जन्मतःच ब्रिटिश. दोघेही प्री-सेटल्ड असतील तर नाही. नागरिकत्वाचा अर्जही सेटल्ड झाल्यावर साधारण 12 महिन्यांनी करता येतो, ब्रिटिश जोडीदार असेल तर लगेच.

प्री-सेटल्डची मुदत आता आपोआप वाढते, म्हणून लोक निवांत बसतात. ते चुकतं. सेटल्ड होताना वास्तव्याचा पुरावा म्हणून पगाराच्या पावत्या, कौन्सिल टॅक्सची (तिथल्या घरपट्टीची) बिलं वर्षवार जपून ठेवा.

दोन्ही दर्जे फक्त ऑनलाइन. पासपोर्ट नवा केला आणि खात्यात नोंदवला नाही, तर विमानतळावर खोळंबा ठरलेला. घरमालकाला किंवा नोकरी देणाऱ्याला दर्जा ऑनलाइन तपासता यावा म्हणून द्यायचा शेअर कोड 90 दिवसच चालतो.