झाडाचं त्रिमितीय मॉडेल: स्थिर केलेला व्हिडिओ की सुटे फोटो?

झाडाभोवती एक फेरी मारायची, व्हिडिओ घ्यायचा आणि त्यातल्या फ्रेम वापरायच्या. वारा थोडाच वेळ थांबणार असेल तेव्हा हा झपाटा खरंच कामी येतो, आणि ओव्हरलॅपही (एकच भाग अनेक फ्रेममध्ये दिसणं) भरपूर मिळतो.

अडचण आहे ती स्थिरीकरणाची, म्हणजे व्हिडिओतली थरथर काढून टाकण्याची. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन प्रत्येक फ्रेम वेगळी कापतं, फिरवतं, ताणतं. फोटोग्रामेट्रीचं, म्हणजे फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल बनवण्याचं गणित मात्र लेन्स आणि सेन्सरचं नातं सगळीकडे तेच आहे, असं सहसा धरून चालतं. त्यामुळे डोळ्याला सुखावणारा व्हिडिओ सॉफ्टवेअरला चकवतो: पानांच्या कडा दुहेरी होतात, बारीक देठ गायब होतात. व्हिडिओच हवा असेल तर ही सोय बंद करा, शटर वेगवान ठेवा आणि गिंबल (कॅमेरा मोटरने स्थिर धरणारं उपकरण) वापरा. गिंबल कॅमेरा सावरतो, चित्राला हात लावत नाही.

सुट्या फोटोंना वेळ लागतो. पण ४के फ्रेममध्ये साधारण ८३ लाख पिक्सेल असतात, २४ मेगापिक्सेलच्या फोटोत जवळपास तिप्पट. शिरा, लव, काटे हवे असतील तर मी फोटोच घेईन. झुडपाचा नुसता आकार नि उंची हवी असेल तर गिंबलवरचा व्हिडिओ पुरतो. फक्त शेजारी मोजपट्टी ठेवा, नाहीतर मॉडेलला खरं माप मिळणार नाही.