फॉल कलर्स आणि कॅमेरा: कँकामॅगस की व्हरमाँटचा रूट १००?

सप्टेंबर लागला की बॉस्टनच्या आसपासच्या मराठी घरांत एक विषय हमखास निघतो: यंदा फॉल कलर्सना, म्हणजे पानगळीआधी झाडांवर चढणारे लाल-केशरी रंग बघायला, कुठे जायचं? भारतातून आई-बाबा आलेले असले तर प्रश्न जास्तच महत्त्वाचा होतो, कारण त्यांच्या सहा महिन्यांच्या मुक्कामात असे शनिवार-रविवार जेमतेम दोन-तीन मिळतात. चर्चा फिरून फिरून दोन नावांवर येते. एक न्यू हॅम्पशायरमधला कँकामॅगस हायवे आणि दुसरा व्हरमाँटमधला रूट १००.

गेली आठ वर्षं मी दोन्हीकडे जातोय, दरवेळी कॅमेरा घेऊन. नुसते रंग डोळे भरून पाहायचे असतील तर यात डावं-उजवं करण्यात अर्थ नाही, कुठेही जा. पण फोटो काढायचे असतील, म्हणजे रमतगमत, मनात आलं की थांबत जायचं असेल, तर या दोन रस्त्यांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. पुढचं सगळं त्या एका दृष्टीने लिहितोय.

कँकामॅगस आधी घेतो, कारण तो बहुतेकांनी ऐकलेला असतो. लिंकन ते कॉनवे, ३४.५ मैल, जवळजवळ सगळा व्हाइट माउंटनच्या राष्ट्रीय वनातून. मधे गॅस स्टेशन नाही, हॉटेल नाही, फोनला रेंजही बहुतेक ठिकाणी नाही. फोटोसाठी हे वरदान आहे. फ्रेममधे घर येत नाही, पाटी येत नाही, डोंगरामागे डोंगर आणि त्यावर पसरलेला केशरी-तांबडा रंग, बस्स. खिंड २,८५५ फुटांवर आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना मुद्दाम बांधलेल्या थांब्यांवरून दूरवरची दरी दिसते. असं उंचावरून दिसणारं दृश्य रूट १०० वर फारसं मिळत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. खाली स्विफ्ट नदीच्या काठाने सॅबडे फॉल्स, रॉकी गॉर्ज, लोअर फॉल्स आणि १८५८ सालचा ऑल्बनीचा छपराचा पूल अशी ठिकाणं ओळीने येतात. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर आणखी एक सोय: मोठ्या थांब्यांवर स्वच्छतागृहं आहेत. लहान गोष्ट वाटेल, पण बाबांना घेऊन दिवसभर फिरताना ती लहान राहत नाही.

मग नडतं कुठे? मागच्या गाडीपाशी.

कँकामॅगसवर ऑक्टोबरातल्या शनिवारी तुम्ही एकटे कधीच नसता. रस्ता दोनपदरी, वळणांचा, आणि तुम्ही वेग थोडा कमी केला की आरशात एक गाडी दिसते, मग तीन, मग दहा. कुणी हॉर्न वाजवत नाही, इथे ती पद्धतच नाही. पण मागे रांग धरून आपण निवांतपणे झाडं बघतोय, हे मनाला टोचत राहतं. नजर डोंगरावरून आरशाकडे, आरशावरून डोंगराकडे. थांबायची जागा ठरलेली, आणि ती सकाळी अकरानंतर बहुधा भरलेली. डाव्या हाताला जागा दिसलीच तर समोरून येणारी रांग ओलांडायची. तोवर मागचे खोळंबलेले.

एका वर्षी आई बरोबर होती. सॅबडे फॉल्सच्या पुढे एका वळणावर नदीच्या पात्रावर झुकलेला एक मेपल होता. सगळा लाल, मागून ऊन आलेलं, पान न् पान पेटल्यासारखं, आणि खाली पाण्यात तोच रंग. आई म्हणाली, "थांब, थांब, इथे थांब." थांबणार कुठे? पांढऱ्या रेषेपलीकडे जेमतेम हातभर माती, आणि मागे रांग. तीन मैल पुढे जाऊन वळलो, परत आलो, उलट्या दिशेने तो मेपल नीट ओळखूही येईना. जवळची पार्किंगची जागा भरलेली. पुन्हा वळलो. तिसऱ्यांदा त्या वळणावर आलो तोवर ऊन डोंगराआड गेलं होतं आणि झाड साधं तपकिरी दिसत होतं. आई म्हणाली, "राहू दे रे. मी पाहिलं ना." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण ते "राहू दे" मला घरी येईपर्यंत पुरलं, आणि पुढच्या वर्षी मी गाडी व्हरमाँटकडे वळवली.

रूट १०० मॅसॅच्युसेट्सच्या सीमेपासून वर न्यूपोर्टपर्यंत दोनशेहून जास्त मैल जातो. सगळा एका दिवसात करायच्या फंदात पडू नका. फोटोंसाठी मला सगळ्यात भावतो तो किलिंग्टनपासून स्टोपर्यंतचा मधला भाग: पिट्सफील्ड, रॉचेस्टर, हँकॉक, ग्रॅनव्हिल, वॉरन, वेट्सफील्ड, वॉटरबरी. कागदावर हे अंतर दोन-अडीच तासांचं. आम्हाला दिवस पुरत नाही.

इथे आरशातली गाडी का टोचत नाही? कारण रस्ताच हळू आहे. दर थोड्या वेळाने गाव येतं आणि वेगमर्यादा ताशी २५ ते ३५ मैलांवर उतरते. सगळेच हळू जातात, त्यामुळे हळू जाणारा कुणाच्या वाटेत येत नाही. आणि मुख्य म्हणजे, गाव आलं की थांबायला जागा येते: चर्चचं आवार, वाचनालय, जनरल स्टोअर, गावचं हिरवं मैदान. दोन गावांच्या मधेही कच्चे रस्ते फुटत राहतात. मागे कुणी आलं की उजवीकडे फुटणाऱ्या वाटेवर वळायचं, त्याला जाऊ द्यायचं, उतरायचं. माझे सगळ्यात आवडते फोटो अशाच वाटांच्या तोंडाशी काढलेले आहेत, जिथे मी फोटोसाठी नव्हे, मागच्याला वाट द्यायला वळलो होतो.

शिवाय व्हरमाँटमधे रस्त्याकडेला जाहिरातींचे फलक नाहीत. १९६८ च्या कायद्याने ते बंद झाले. रस्त्याकडेच्या विजेच्या तारा मात्र आहेत, आणि कँकामॅगसहून आलेल्याला त्या आधी खुपतात. दोन पावलं पुढे सरकून त्या चुकवायची सवय होते.

उजेडाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण ते कुणी सांगत नाही. कँकामॅगस पूर्व-पश्चिम जातो. बॉस्टनहून लोक साहजिकच आय-९३ या महामार्गाने लिंकनला पोहोचतात आणि सकाळी पूर्वेकडे निघतात, म्हणजे खाली आलेलं ऑक्टोबरचं ऊन थेट काचेवर. संध्याकाळी त्याच रस्त्याने लिंकनकडे परतलं की पुन्हा तोंडावर. तिकडेच जायचं ठरलं तर रूट १६ ने वर चढून कॉनवेहून सुरुवात करा आणि सकाळी पश्चिमेकडे जा. ऊन पाठीशी राहतं आणि समोरचे डोंगर उजळलेले मिळतात. रूट १०० दक्षिणोत्तर असल्याने सकाळी आणि दुपारनंतर, दोन्ही वेळा ऊन बाजूने येतं. बाजूच्या उजेडात पानांना खोली येते, खोड उठून दिसतं. एक तोटा आहे. ग्रीन माउंटनची मुख्य रांग या रस्त्याच्या पश्चिमेला असल्याने खोऱ्यात ऊन लवकर मावळतं. साडेचार-पाचनंतर चांगल्या उजेडाची आशा धरू नका.

ढगाळ दिवस मिळाला तर वाईट वाटून घेऊ नका, दोन्हीकडे. जंगलाच्या आतले फोटो ढगाखालीच चांगले येतात, आणि पाऊस नुकता थांबलेला असेल तर रंग आणखी गडद होतात. ओल्या पानांवरची चकाकी घालवायला पोलरायझर फिल्टर हवाच. बाकी भिंगांची चिंता करू नये. आईने फोनवर काढलेले दोन फोटो माझ्या मोठ्या कॅमेऱ्यातल्या फोटोंपेक्षा सरस आहेत.

ग्रॅनव्हिलच्या पुढे रस्ता अरुंद घळीत शिरतो आणि डाव्या हाताला मॉस ग्लेन फॉल्स येतो. धबधबा रस्त्यावरूनच दिसतो आणि लाकडी पुलवाटेवरून आई-बाबांनाही सहज जवळ जाता येतं. याच नावाचा दुसरा धबधबा स्टोजवळ आहे, गाडीतल्या नकाशात नाव घालताना गावही घाला. पुढे वॉरनला १८८० चा आणि वेट्सफील्डला १८३३ चा छपराचा पूल. वेट्सफील्डला सकाळी आठच्या आत पोहोचता आलं तर मॅड नदीवर धुकं असतं आणि त्यातून पिवळे बर्च हळूहळू वर येतात. ते दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं, मग ऊन चढतं आणि धुकं विरतं. आदल्या रात्री तिथेच मुक्काम केल्याशिवाय हे साधत नाही.

रस्ता नदीच्या इतका जवळ असण्याची किंमत त्या गावांनी मोजली आहे. २०११ च्या ऑगस्टमधे आयरीन वादळाच्या पुरात पिट्सफील्ड आणि रॉचेस्टरकडचे रस्ते वाहून गेले आणि गावं जगापासून तुटली. आज गाडी चालवताना हे जाणवतही नाही. पण तिथल्या दुकानात दोन घटका बोललात तर लोक अजून पुराविषयी सांगतात, आणि मग त्या शांत नदीचा फोटो जरा वेगळ्या मनाने काढला जातो.

आता रूट १०० ची खरी अडचण. कँकामॅगसवरची जमीन सरकारी वनाची, इथली लोकांची. समोरचं लाल कोठार, त्यामागचं कुरण, कुंपणावर वाकलेला शुगर मेपल, हे सगळं कुणाच्या तरी घरचं अंगण आहे. व्हरमाँटमधल्याच वुडस्टॉकजवळच्या पॉम्फ्रेट गावाने २०२३ च्या हंगामात एका प्रसिद्ध शेताकडे जाणारा रस्ता बाहेरच्यांसाठी बंदच केला, कारण फोटोसाठी येणारे रस्ता अडवत होते आणि लोकांच्या आवारात शिरत होते. गावकऱ्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. रूट १०० ला जाणार असाल तर एवढं पाळा: कुंपणाच्या आत पाऊल नको, कुणाच्या फाटकासमोर गाडी नको, आणि माणूस दिसला तर आधी विचारा. मी तीन-चारदा विचारलं आहे, प्रत्येक वेळी हो मिळालं. एका आजोबांनी तर मला कोठाराच्या मागच्या बाजूला नेलं, तिथून दृश्य जास्त चांगलं दिसतं म्हणून. तिथेच आईने मूठभर पानं वेचली. ती आज साताऱ्याच्या घरी तिच्या पोथीत आहेत.

कोणता आठवडा धरायचा, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच अवघड. उत्तरेकडे आणि उंचावर रंग आधी येतात, बहुधा सप्टेंबरच्या शेवटी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारच्या सुट्टीपर्यंत बहर खाली उतरतो. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा, पण पाणी गोठवणारी थंडी नाही, असे दिवस लागले की पानांत लाल रंग जास्त तयार होतो. कँकामॅगसवर तुमचा आठवडा चुकला तर तो चुकलाच, कारण सगळा पट्टा तेवढाच. रूट १०० लांबलचक असल्याने स्टोच्या झाडांचा रंग ओसरला असेल तर खाली किलिंग्टन किंवा त्याहून दक्षिणेला वेस्टनकडे सरकता येतं. एकदाच सुट्टी मिळणाऱ्याला हा दिलासा मोठा आहे. त्या सोमवारला जोडून येणारी सुट्टी मात्र दोन्ही ठिकाणी टाळा. दसरा-कोजागिरीच्या आसपासचा एखादा शुक्रवार रजा टाकून मिळवता आला तर उत्तम.

तर मग कँकामॅगसला कुणी जावं? ज्यांना एकाच दिवसात जाऊन यायचं आहे, ज्यांच्याबरोबर लहान मुलं आहेत आणि ठरलेल्या ठिकाणी उतरून चालायचं आहे, ज्यांना उंचावरून पसरलेलं जंगल हवंय, त्यांनी खुशाल जावं. आठवड्याच्या मधल्या वारी, पहाटे, कॉनवेच्या बाजूने. तसा मीही एका बुधवारी गेलो होतो. आरसा रिकामा होता, आणि त्या दिवशी मला तो रस्ता फार आवडला. पण आपल्यापैकी बहुतेकांना बुधवार मिळत नाही, शनिवारच मिळतो, आणि शनिवारी मी रूट १०० धरतो. कुणाचा अनुभव वेगळा असू शकेल.

पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी आमचा क्रम देतो. शुक्रवारी संध्याकाळी निघून वेट्सफील्ड किंवा वॉरनला मुक्काम, खोली उन्हाळ्यातच आरक्षित केलेली. सकाळी धुकं आणि पूल. मग गाडी दक्षिणेला वळवून मॉस ग्लेन, ग्रॅनव्हिल आणि रॉचेस्टरच्या मैदानापर्यंत, तिथल्या बाकावर घरून आणलेल्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी. दुपारी त्याच रस्त्याने परत, कारण सकाळी सावलीत असलेली बाजू आता उजळलेली असते. वॉटरबरीला सायडर डोनट घ्यायचे आणि आय-८९ ने घर. थर्मास मात्र सकाळीच चहाने भरून घ्या, ग्रॅनव्हिलच्या त्या घळीत दुकान नाही.