पाच हजार जुने क्रोना: एका संग्राह्य नोटेचे परीक्षण

आइसलँडच्या जुन्या, मोठ्या मूल्याच्या नोटा जमवायच्या असतील, तर कवी आयनार बेनेडिक्ट्सन यांचे चित्र असलेली पाच हजार क्रोनांची नोट आधी घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. जुन्या क्रोनामध्ये, म्हणजे आइसलँडच्या १९८१पूर्वीच्या चलनामध्ये, याहून मोठी नोट निघालीच नाही. तिच्यावर २९ मार्च १९६१ ही तारीख छापलेली असल्यामुळे विक्रेते तिला सर्रास १९६१ची नोट म्हणतात. मात्र ती तारीख नोटा काढण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्याची आहे, आणि ही नोट प्रत्यक्ष चलनात आली ती १९७१मध्ये.

मागच्या बाजूला देट्टिफॉस धबधबा आहे, आणि ही निवड मला फार समर्पक वाटते. कारण धबधब्यांपासून वीज निर्माण करण्याचे स्वप्न या कवीने आयुष्यभर उराशी बाळगले होते आणि त्यासाठी कंपनीही काढली होती. छपाई उठावदार आहे. कोऱ्या नोटेवरून अंगठा हलकेच फिरवला, तर चेहऱ्याच्या रेषा बोटाला लागतात.

माझी पहिली प्रत मात्र निराशाजनक निघाली. एका ऑनलाइन विक्रेत्याने 'कोरी करकरीत' म्हणून पाठवलेली ती नोट उजेडात तिरकी धरताच मधोमध पुसट घडी दिसली, आणि रेषांचा उठाव जवळजवळ सपाट झाला होता. धुऊन, दाबून इस्त्री केलेल्या नोटेची हीच खूण असते. त्यामुळे नोटेचा सरळ काढलेला फोटो पुरेसा मानू नये, तिरक्या उजेडातला मागून घ्यावा. दुसरी प्रत मी याच पद्धतीने निवडली, आणि ती पूर्ण समाधानकारक आहे.

किंमत ठरवताना आकड्याला भुलू नये. १ जानेवारी १९८१ रोजी शंभर जुन्या क्रोनांचा एक नवा क्रोना झाला, म्हणजे या पाच हजारांचे मोल नव्या पन्नास क्रोनांइतकेच उरले, आणि आज तर ही नोट व्यवहारात चालतही नाही. याउलट १९८६पासूनची पाच हजारांची नोट, जिच्यावर राग्नहेइदुर योन्सदोत्तिर आहेत आणि मागे त्या दोन मुलींना भरतकाम शिकवताना दिसतात, ती नव्या क्रोनातील असून आजही चालते. नोट अत्यंत देखणी आहे, पण तिला 'दुर्मीळ जुनी नोट' म्हणून चढ्या भावाने घेणे म्हणजे शुद्ध नुकसान. चित्र कोणाचे आहे, एवढे पाहिले तरी घोटाळा टळतो.

जोडीला दुसरी नोट घ्यायची झाल्यास मी २०१३ची दहा हजारांची सुचवेन. ती जुनी नाही, शिवाय चालू चलनातील असल्याने स्वस्तही नाही. परंतु नव्या क्रोनातील सर्वांत मोठी नोट तीच, आणि तिच्यावरही कवीच आहे: योनास हाल्ग्रिम्सन. थिंगवेट्लिरच्या राष्ट्रीय दफनभूमीत दोनच कबरी आहेत, एक योनास यांची आणि दुसरी आयनार यांची. माझ्या अल्बममध्ये या दोन्ही नोटा समोरासमोरच्या पानांवर आहेत.